नाटक संपल्यावर ते जातं कुठे?

 

या वेळी आपली सफर एका पत्रापासून सुरू होणार आहे. सातवीतल्या एका मैत्रिणीनं ते पाठवलंय. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं राणीचं काम केलं. मुकुट, शालू, लांबलचक संवाद, सगळं काही होतं. टाळ्याही भरपूर मिळाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तर स्टेजच्या फळ्या निघालेल्या, पडदा गुंडाळून ठेवलेला आणि जिथे काल तिचं सिंहासन होतं तिथे चौथीची मुलं लंगडी खेळत होती! ती लिहिते, ‘मला रडूच आलं. चित्र काढलं तर कागद राहतो. गोष्ट लिहिली तर वही राहते. मग नाटक संपल्यावर ते जातं कुठे?’

मी ते पत्र तीनदा वाचलं. प्रश्न अवघड आहे, बरं का! मोठमोठ्या नटांनाही तो पडत आलाय. विचार करता करता मला एक इमारत आठवली. ती आहे ग्रीस देशाच्या राजधानीत, अथेन्समध्ये. तर मग काढा तुमची नकाशाची वही! भूमध्य समुद्राच्या वरच्या बाजूला, हाताच्या बोटांसारखा समुद्रात घुसलेला देश दिसतोय ना? तोच ग्रीस. चला, कल्पनेनंच जाऊ. तिकीट नाही, व्हिसा नाही!

आपण उतरलोय सिंतग्मा चौकात. ‘सिंतग्मा’ म्हणजे संविधान. समोर ग्रीसची संसद आहे. तिच्यासमोर घोळदार झगा आणि गोंडेवाले बूट घातलेले पहारेकरी पुतळ्यासारखे उभे आहेत. हसू नका हं त्यांना! इथून एक रुंद रस्ता निघतो. त्याचं सरकारी नाव वेगळं आहे, पण सगळे त्याला म्हणतात ‘पानेपिस्तिमिऊ’. जीभ वळली का? पुन्हा म्हणा, पा-ने-पिस्-ति-मिऊ. अर्थ सोपा आहे, विद्यापीठाचा रस्ता.

उजव्या हाताच्या फुटपाथवरून चालत राहा. पहिल्यांदा लागेल हाइनरिश श्लीमान यांचा वाडा. होमरच्या काव्यातलं ट्रॉय शहर खरंच होतं, असं मानून ज्यांनी तुर्कस्तानात खणायला सुरुवात केली तेच हे श्लीमान. आता त्यांच्या वाड्यात जुन्या नाण्यांचं संग्रहालय आहे. पुढे एकापाठोपाठ एक तीन देखण्या इमारती येतात. अकादमी, विद्यापीठ आणि राष्ट्रीय ग्रंथालयासाठी बांधलेली वास्तू. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या, पण खांब पाहून वाटावं, प्राचीन देवळंच! त्या मागे टाकून थोडं पुढे गेलं की त्याच बाजूला ४८ नंबरची एक इमारत दिसते. अरुंद, उंच, वरपर्यंत सरळ उभ्या रेघा ओढल्यासारखी. अथेन्सपेक्षा न्यूयॉर्कमध्ये शोभेल अशी. हीच आपली इमारत. नाव ‘रेक्स’.

‘रेक्स’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ राजा. वासिलिस कासांद्रास आणि लेओनिदास बोनिस या दोन वास्तुशिल्पज्ञांनी ती १९३५ ते १९३७ या काळात उभी केली. एकाच इमारतीत सिनेमा, नाटक आणि तळघरात नाचाचं दालन! पुढे त्या तळघरात ‘सिनेआक’ नावाचं छोटं सिनेमागृह झालं. पण आपल्याला हवंय ते इथलं नाट्यगृह. त्याचं नाव आहे ‘मारिका कोतोपुली’.

आता एक गंमत सांगते. ग्रीकमध्ये ‘कोतोपुलो’ म्हणजे कोंबडीचं पिल्लू. तिकडे हॉटेलात ‘कोतोपुलो’ मागितलंत तर ताटात चिकन येईल! आणखी एक गंमत आडनावाची. आपल्याकडे वडील देशपांडे तर मुलगीही देशपांडे. तिकडे मात्र वडील ‘कोतोपुलिस’ आणि मुलगी ‘कोतोपुली’.

तर ही मारिका जन्मली १८८७ मध्ये. आईवडील दोघंही नट. गावोगाव फिरायचं, जागा मिळेल तिथे खेळ लावायचा, पुन्हा सामान बांधायचं. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखंच बिऱ्हाड. मारिकाला शाळेत पाऊल टाकण्याआधी रंगमंच माहीत झाला. अगदी तान्ही असतानाच तिला कुणीतरी कडेवर घेऊन स्टेजवर नेलं होतं! मोठी झाल्यावर तिनं स्वतःची नाटक कंपनी काढली. त्या काळी बाईनं कंपनी चालवायची म्हणजे काय, ते आईला विचारा. नाटक निवडायचं, नटांचे पगार द्यायचे, रुसवेफुगवे काढायचे आणि रात्री पुन्हा तोंडाला रंग लावून उभं राहायचं.

मारिकाला एक प्रतिस्पर्धी होती. तिचं नाव किवेली. अथेन्सचे नाट्यवेडे लोक दोन गटांत वाटले गेले होते. एक मारिकाचा, एक किवेलीचा. हे भांडण इतकं टोकाला गेलं की त्यात राजकारणही शिरलं! राजाच्या बाजूचे लोक मारिकाचे चाहते, तर राजाला विरोध करणाऱ्या पंतप्रधान वेनिझेलोस यांच्या बाजूचे किवेलीचे. पण १९३० नंतरच्या काळात या दोघी चक्क एकत्र आल्या. एका रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि १९३३ मध्ये एका बोलपटातही दोघी होत्या. तुमच्या आजोबांना हे ऐकून लगेच काहीतरी आठवेल. आपल्याकडे १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन दिग्गजांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला होता, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन गटांतली भांडणं बहुतेक वेळा चाहत्यांचीच असतात. खऱ्या कलावंताला समोरच्याची ताकद बरोबर कळते.

बरं, आता नीट लक्ष द्या. गोष्टीतली महत्त्वाची जागा आली.

१९२९ च्या सुमारास मारिकाच्या कंपनीत एक नवी बाई आली. वय तिशीच्या आसपास. खरं तर ती शिकली होती गाणं. ऑपेरामध्ये, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, ती गायलीही होती. पण गद्य नाटकात काम करायची ही तिची पहिलीच वेळ. मारिकानं तिला कंपनीत घेतलं, भूमिका दिली. तिचं नाव कातिना पाक्सिनू.

पुढे १९३२ मध्ये ग्रीसचं राष्ट्रीय नाट्यगृह सुरू झालं आणि कातिना तिथली मोठी नटी झाली. १९३८ मध्ये तिनं एक विलक्षण काम केलं. अथेन्सपासून दूर, डोंगराच्या कुशीत एपिदावरोस नावाचं ठिकाण आहे. तिथे दोन हजार वर्षांहूनही जुनं, दगडी पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह आहे. हजारो माणसं बसतील एवढं मोठं! कित्येक शतकं ते मुकं पडलं होतं. तिथे नव्या काळातलं पहिलं प्राचीन नाटक झालं ते सोफोक्लिसचं ‘इलेक्ट्रा’. दिग्दर्शक होते दिमित्रिस रोंदिरिस आणि इलेक्ट्रा झाली होती आपली कातिना. डोळ्यांसमोर आणा बरं. इतक्या शतकांची शांतता, आणि मग त्या पायऱ्यांवर पुन्हा एकदा माणसाचा आवाज!

मग आलं दुसरं महायुद्ध. कातिना तेव्हा लंडनमध्ये होती. परत घरी जाता येईना. ती अमेरिकेला गेली. इकडे एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं. त्या वर्षीच्या हिवाळ्यात शहरात भयंकर दुष्काळ पडला. रस्त्यावर माणसं भुकेनं मरत होती. आणि तरीसुद्धा, दोस्तांनो, अथेन्समधली नाटकं थांबली नाहीत! पोटात अन्न नाही, दारात परक्याचे सैनिक, पण लोक नाटकाला येत होते. का येत असतील? या प्रश्नावर आईबाबांशी जरूर बोला.

तिकडे अमेरिकेत कातिनाला एक सिनेमा मिळाला, ‘फॉर हूम द बेल टोल्स’. त्यात ती झाली होती पिलार, स्पेनच्या डोंगरात लपून लढणारी एक खंबीर बाई. या कामाबद्दल २ मार्च १९४४ या दिवशी तिला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली ग्रीक कलावंत. एक माहिती तुमच्या संग्रहासाठी : त्याआधी सहाय्यक भूमिकांसाठी पाटीवर बसवलेलं छोटं बक्षीस मिळायचं. पूर्ण आकाराचा सोनेरी पुतळा द्यायला सुरुवात झाली ती त्याच वर्षी.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. पण तिचं शहर अजून शत्रूच्या ताब्यात होतं. मागे राहिलेल्यांपैकी कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे हजारो मैलांवरून तिला कसं कळणार? तिनं ते बक्षीस स्वीकारलं ते अथेन्सच्या नाट्यगृहातल्या आपल्या सोबत्यांच्या वतीनं. जे जिवंत असतील त्यांच्या आणि जे नसतील त्यांच्याही. अथेन्स स्वतंत्र झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

युद्ध संपल्यावर काही वर्षांनी कातिना मायदेशी परतली. हॉलिवूडमध्ये राहिली असती तर पैसा मिळाला असता. पण तिला आपल्या भाषेत नाटक करायचं होतं.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळू या. त्यासाठी तुम्हाला हेकाबीची ओळख करून द्यायला हवी.

हेकाबी ही ट्रॉयची राणी. ट्रॉयचं युद्ध हरल्यावर ती कैदी झाली. राज्य गेलं, नवरा गेला, एकामागून एक मुलं गेली. काल राणी, आज गुलाम. तिच्यावर युरिपिडीस या नाटककारानं सुमारे २४०० वर्षांपूर्वी नाटक लिहिलं. तेव्हा बायकांना रंगमंचावर यायची परवानगी नव्हती. हेकाबीचं काम मुखवटा लावून पुरुषच करत. बालगंधर्वांचा भामिनीच्या वेषातला फोटो पाहिलाय ना? तसंच काहीसं, फक्त मुखवटा जास्तीचा!

१९२७ मध्ये अथेन्सच्या पानाथेनाइक स्टेडियममध्ये ‘हेकाबी’चा प्रयोग झाला. १८९६ चं पहिलं आधुनिक ऑलिंपिक जिथे भरलं तेच हे पांढऱ्या संगमरवराचं मैदान. दिग्दर्शक होते फोतोस पोलितिस आणि हेकाबी होती मारिका कोतोपुली.

पुढे १९५५ मध्ये एपिदावरोसला नाट्यमहोत्सव रीतसर सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाचं नाटक कोणतं? ‘हेकाबी’च! या वेळी दिग्दर्शक होता कातिनाचा नवरा, अलेक्सिस मिनोतिस. आणि हेकाबी? कातिना पाक्सिनू.

लक्षात आलं का? मारिका १९५४ मध्ये वारली. दुसऱ्याच वर्षी, तिनंच पहिल्यांदा नाटकात आणलेली बाई त्याच राणीच्या वेषात उभी राहिली. कातिनानं मारिकाची नक्कल केली असेल असं नाही. चांगला नट नक्कल करत नाही. पण एकाच कंपनीत काम करताना माणूस किती काय काय शिकतो! विंगेत उभं राहून दुसऱ्याचं काम बघायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, प्रेक्षक खोकायला लागले तर काय करायचं. हे कुठल्याच पुस्तकात नसतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे असंच जातं. आजीच्या हातची पुरणपोळी आईच्या हातात येते ना, तसं.

मारिकाच्या नावानं एक बक्षीसही ठेवलं गेलं. १९५३ मध्ये ते मेलिना मर्कुरी या तरुण नटीला मिळालं. हीच मेलिना पुढे ग्रीसची सांस्कृतिक मंत्री झाली. पार्थेनॉन मंदिराची इंग्लंडला नेलेली शिल्पं परत द्या, म्हणून तिनं जगभर आवाज उठवला. दर वर्षी युरोपातल्या एका शहराला ‘संस्कृतीची राजधानी’ म्हणायचं, ही कल्पनाही तिनंच मांडली. १९८५ मध्ये तो पहिला मान मिळाला अथेन्सला.

आता पुन्हा त्या ४८ नंबरच्या दारात येऊ. रेक्सची ही इमारत पुढे राष्ट्रीय नाट्यगृहाची दुसरी वास्तू बनली. आत एकाहून जास्त रंगमंच आहेत. एकाचं नाव मारिका कोतोपुली, हे तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्याचं नाव काय असेल? ओळखा पाहू!

बरोबर. कातिना पाक्सिनू.

जिनं संधी दिली ती आणि जिला संधी मिळाली ती, दोघींची नावं एका छपराखाली. ही इमारत पाहायला लांबून जावं असं मला वाटतं ते याचसाठी.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मारिकाचे फोटो आहेत, तिच्याविषयी पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. तरीही १९२७ मधल्या त्या रात्रीची हेकाबी आता कुणालाही दिसणार नाही. ती गेली ती गेलीच. कातिनाची पिलार सिनेमात पाहता येते, पण तिची इलेक्ट्रा नाही. नाटकाचं हे नुकसान खरं आहे. मैत्रिणी, तुला रडू आलं त्यात काहीच चूक नाही.

मग उरतं काय? मला सुचलेलं उत्तर असं. नाटक जातं माणसांमध्ये. थोडं तुझ्यात राहिलं. कालपर्यंत चारचौघांत बोलायला घाबरणारी तू आता राणीसारखी ताठ उभी राहू शकतेस. थोडं तुझ्या आईत राहिलं. ती अजून शेजारणीला सांगत असेल. आणि थोडं कदाचित त्या लंगडी खेळणाऱ्या चौथीच्या मुलांपैकी एखादीत राहिलं असेल. तिनं काल खाली सतरंजीवर बसून तुला पाहिलंय. पुढच्या वर्षी ती सिंहासनावर बसायला येईल. तेव्हा तिला मुकुट नीट कसा बसवायचा ते दाखवशील ना? मारिकानं जागा दिली नसती तर कातिनाला ती कुठून मिळाली असती?

आणि हो, थिएटर हा शब्दसुद्धा ग्रीकच, बरं का! ‘थेआत्रोन’ म्हणजे बघायची जागा. आजोबा ज्याला ‘थेटर’ म्हणतात तेही तिथूनच आलं. बघणारं कुणी नसेल तर ती जागा थेटर राहत नाही. म्हणून प्रेक्षकाचंही एक काम असतं. पाहायचं, लक्षात ठेवायचं आणि कुणाला तरी सांगायचं.

आपल्याकडेही नटांच्या नावांची नाट्यगृहं आहेत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कितीतरी मोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रडणाऱ्यांपैकी कुणीही केशवरावांना पाहिलेलं नव्हतं. ते तर १९२१ मध्येच गेले. तरी डोळ्यांत पाणी का आलं, ते आता तुम्हाला सांगायला नको.

या आठवड्याचा उद्योग : तुमच्या गावातलं किंवा जवळच्या शहरातलं नाट्यगृह शोधा. दारावर कुणाचं नाव आहे ते वाचा. तो माणूस कोण होता, त्यानं काय केलं, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा. त्यांना ठाऊक नसेल तर ग्रंथालयात जाऊन दोघं मिळून शोधा. सापडेल ते दहा ओळींत लिहून पाठवा. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही!

आईबाबांसाठी एकच ओळ : मुलांना या महिन्यात एखादं नाटक दाखवा, आणि पाहून झाल्यावर रिक्षात बसल्या बसल्या त्याबद्दल बोला.

जाता जाता शेवटची गंमत. आपल्याकडे नाटक सुरू होताना ‘तिसरी घंटा’ होते ना? ग्रीसमध्येही नाटकाआधी तीन घंटा होतात, आणि तिथेही लोक तिसऱ्या घंटेचीच वाट पाहतात. इतका दूरचा देश, वेगळी लिपी, वेगळी भाषा. पण ती घंटा झाली की अंधारात जो एक श्वास रोखला जातो ना, तो अगदी आपल्यासारखाच.

चला तर, पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या गावात, नव्या दारात. तोवर टाटा!

तुमची,
फिरस्ती मावशी